घोडीला गूळपाणी

माझं वजन ज्या दिवशी भाताच्या गिरणीतल्या काट्यावर झालं, त्या दिवसापासून धाकटी जाऊ माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. त्याआधी ती मला चांगली वाटायची. पेणची पोर, बोलायला मोकळी, कामाला चलाख. अष्टमी गावात आमचं एकच आवार आणि दोन दारं. एका दारात मी आणि माझा नवरा, दुसऱ्या दारात दीर आणि ती. दीर डोलवीला कंपनीत असल्यामुळे त्या घराचं जेवणखाण शिफ्टप्रमाणे. मी रोह्यात शाळेत शिकवते. पूल ओलांडला की शाळा. जाऊ संध्याकाळी घरीच शिकवण्या घेते. आमच्यात भांड्याला भांडं लागलंच नाही असं नाही, पण आवाज आवाराबाहेर गेला नव्हता.

गिरणीपर्यंत जायची वेळ आली ती घोडीमुळे. ही घोडी माझी. पेणला एकजण लग्नाच्या वरातीसाठी घोड्या पाळायचा. त्याचे गुडघे गेले, त्यानं धंदा आवरला, तेव्हा शेवटची उरलेली ही मी घरी आणली. लहानपणी आजोळी मामाची घोडी होती. तिच्या पाठीवर मला बसवून मामा बांधावरून फिरवायचा, आणि तेव्हापासून आपली एक घोडी असावी हे डोक्यात होतं. नवरा म्हणाला, "म्हैस आणली असतीस तर निदान चहाला दूध मिळालं असतं." मी म्हटलं, तुमच्या चहाला दूध लागतं कुठं, साखरच लागते.

आली तेव्हा तिची दशा बघवत नव्हती. पाठीवर खोगिराच्या जुन्या जखमा, खूर चिरलेले, आयाळीत जरीचे धागे अडकलेले. फटाके वाजले तर ती हलायची नाही, पण गल्लीत कुणाच्या हळदीचा खालूबाजा सुरू झाला की खुंट्यापाशी उभ्या उभ्या पाय उचलून नाचायला लागायची आणि बाजा थांबला तरी तिला थांबता यायचं नाही. मी मानेवर हात ठेवून उभी राहायचे, मग हळूहळू शांत व्हायची. पहिलं वर्ष मी तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही. शाळेच्या आधी खरारा, शाळेनंतर खरारा. भिजवलेला हरभरा, भाताचा पेंढा थोडा आणि चांगलं वाळलेलं गवत भरपूर. नालबंद दर सहा आठवड्यांनी यायचा आणि म्हणायचा, "गो बाय, आता खूर लोखंडावानी झालंय." हे सगळं एकटीनं केलं. जाऊ तेव्हा घोडीला दुरून हात दाखवायची, बस.

मग तिला धनुर्वाताची सुई द्यायला पेणहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांना स्वतःला लांब पल्ल्याच्या रपेटीचा नाद. चाळीस, साठ किलोमीटर घोड्यावरून जायचं, आणि पोहोचल्यावर घोडा धडधाकट असला तरच ती रपेट पुरी झाली असं धरायचं, असा तो प्रकार. त्यांनी घोडीच्या डाव्या कोपराच्या मागे नळी लावून ठोके मोजले, मला तिला गल्लीच्या टोकापर्यंत पळवत न्यायला सांगितलं, परत आल्यावर पुन्हा मोजले आणि घड्याळ बघत राहिले. म्हणाले, "बाई, हिचं काळीज लगेच खाली येतंय. ही नाचायला जन्मलेली नाय, ही चालायला जन्मल्येय."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण पुढचं वाक्य लगेचच आलं.

"मात्र तुम्ही बसायचं नाय हां."

घोडी अंगानं लहान. तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं, तेसुद्धा माणूस आणि खोगीर मिळून, लांब पल्ल्याला तिच्या पाठीवर द्यायचं नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. मी हुज्जत घातली, तर त्यांनी घोडी टेम्पोत चढवून ट्रकांच्या वजनकाट्यावर नेली. तीनशे पंचेचाळीस किलो. म्हणजे सगळं मिळून एकोणसत्तर. मग आमची वरात गिरणीत. भाताच्या पोत्यांच्या काट्यावर मी चढले, आणि गिरणीवाल्यानं आकडा मोठ्यानं वाचला. एक्क्याऐंशी. पीठ घ्यायला आलेल्या चार बायका तिथं होत्या. जाऊ आमच्याबरोबर नुसती मजा बघायला आली होती. मी उतरल्यावर ती हसत हसत काट्यावर चढली. चोपन्न. डॉक्टरांनी तिच्याकडे वळून विचारलं, "कधी घोड्यावर बसलायत का?"

"नाय," ती म्हणाली, "पण कबड्डी खेळायचे."

झालं. आयत्या बिळावर नागोबा. वर्षभर शेण मी काढलं, जखमा मी धुतल्या, आणि पाठीवर बसणार कबड्डीवाली.

डॉक्टरांचं शिकवणं मात्र चोख होतं, आणि जाऊ शिकायला चोख होती. दुसरी बाब मला पहिलीपेक्षा जास्त लागायची. गणपती उठले, वाटा वाळल्या, तेव्हा सुरुवात झाली. पहिले दोन महिने नुसती चाल. कालव्याच्या कडेच्या कच्च्या वाटेनं आधी पाच किलोमीटर, मग सात, मग दहा. डॉक्टर सांगायचे की श्वास आणि काळीज सहा आठवड्यांत तयार होतं, त्यामुळे घोडी उड्या मारायला लागते आणि माणसाला वाटतं झाली तयार. पण पायांच्या शिरा आणि हाडं फार मागून येतात. घाई करणाऱ्यांचे घोडे तिथंच मोडतात. म्हणून जोराचा दिवस झाला की दुसऱ्या दिवशी विश्रांती. मग दुडकी चाल, तीही थोडी थोडी. आपल्याकडची हवा घामट, घाम वाळत नाही, अंग निवत नाही, म्हणून उन्हं चढायच्या आत घरी. परत आल्यावर मानेवर, पायांमध्ये पाणी ओतायचं आणि निथळायचं, पुन्हा ओतायचं. कातडी चिमटीत धरून सोडायची आणि किती वेळात सपाट होते ते बघायचं. हिरडी दाबून बघायची. पोटाला कान लावायचा, आत गुडगुड चालू हवी. आणि ती जिथं नेऊ तिथलं साधं पाणी प्यायला शिकली पाहिजे. हे शेवटचं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. "तहानलेलं घोडं आणि अनोळखी पाणी, यात घोडं हटलं तर सगळं मुसळ केरात," असं ते म्हणाले होते. ते ऐकताना मी तिथंच होते. माझ्या हातात चहाचा ट्रे होता.

जाऊ सगळं एका वहीत लिहायची. किती चालली, किती वेळात, ठोके किती, कुठं ठेचकाळली. संध्याकाळी दिरालाही वाचून दाखवायची. मी माझ्या स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि कुकरची शिट्टी झाली की मला बरं वाटायचं.

तरीही मी गप्प बसले असते. खरंच बसले असते. पण एका सकाळी मी खरारा करत होते, मागचं दार वाजलं, आणि घोडीनं कान टवकारून अशी खिंकाळी दिली की मी ब्रश हातातून टाकला. मला वाटलं साप निघाला. पाहते तर जाऊ येत होती, नुसती, केस विंचरत. घोडीनं माझ्यासाठी कधी खिंकाळी दिली नव्हती. माझा हात पाठीवर असताना तिनं मान वळवून तिकडं पाहिलं. जाऊ म्हणाली, "अगो, ओळखायला लागली मला!" आणि मला विचारलं, "ताई, तुम्हाला पण अशीच हाक मारते ना?"

"मारते की," मी म्हणाले.

त्या सकाळी त्या दोघी कालव्यावर गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून पोह्यांसाठी कांदा चिरत होते आणि डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकलत होते. तेवढ्यात गुळाची ढेप दिसली. उन्हातून आलेल्या पाहुण्याला आपण आधी गूळपाणी देतो. माझ्या आईनं दारात आलेल्या पोस्टमनलाही दिल्याशिवाय सोडलं नव्हतं. घोडीही उन्हातूनच येते, असं मी स्वतःला सांगितलं. मूठभर गूळ किसला आणि घोडीच्या काळ्या बादलीत विहिरीच्या पाण्यात ढवळला. काळ्या बादलीत रंग कळत नाही. आता हे मी पाहुणचार म्हणून केलं असतं तर जावेला सांगितलं असतं. सांगितलं नाही, यातच सगळं आलं.

घोडी परत आली. जाऊ खोगीर उतरवून आत ठेवायला गेली आणि मी बादली पुढं केली. तिनं हुंगलं, ओठ हलवले, आणि एका दमात बादली तळाला नेली. रिकामी बादली चाटली, माझे हात चाटले. आठवड्याभरात ती आवारात शिरली की सरळ माझ्याकडे खेचायला लागली. जाऊ लगाम धरून मागून फरफटत यायची. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "हिला वहिनींचीच ओढ हाय हां." मी नुसती हसले. पंधरा दिवसांनी घोडी मला बघून खिंकाळली, आणि मी शाळेत त्या दिवशी एकाही मुलाला ओरडले नाही.

तबेल्यातल्या टाकीतलं साधं पाणी ती आपल्या वेळेला प्यायची, त्यामुळे मला काळजी वाटली नाही. पण चालून तापलेली असली की तिला गूळपाणीच हवं असायचं. जाऊ एकदा म्हणाली, "ताई, हल्ली कालव्यावर तोंड लावत नाय ती पाण्याला. आधी प्यायची."

"तहान नसेल," मी म्हणाले.

"दहा किलोमीटर येऊन तहान नाय?"

"अगं, जनावराला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

तिनं वहीत तसं लिहून ठेवलं. माझ्याकडून तीनदा विचारून घेतलं, तीनदा मी हेच उत्तर दिलं. आता आठवलं की माझीच मला चीड येते, पण तेव्हा मनात होतं ते हे: तुला पाठ मिळाली, मला तहान राहू दे.

घोडामैदान जवळ आलं. फेब्रुवारीत पेणजवळच्या एका आमराईत डॉक्टरांच्या ओळखीच्या लोकांनी चाळीस किलोमीटरची रपेट ठेवली होती. वीस-वीसचे दोन फेरे, मधे थांबून घोड्याची तपासणी. थांबल्यापासून वीस मिनिटांत ठोके चौसष्टच्या आत आले आणि पाय, कातडी, पोट ठीक असलं तरच दुसरा फेरा. आम्ही टेम्पोतून घोडी आदल्या दिवशीच नेली. तिथं तिला गवत घातलं, घरून भरून नेलेलं आमच्या विहिरीचं पाणी ठेवलं, ते ती प्यायली. सकाळी जाऊ बसली. डोक्यावर हेल्मेट, पायांत दिराचे कंपनीचे मोजे. मला खाली वाकून म्हणाली, "ताई, येते हां." सासरी निघालेल्या मुलीसारखी बोलली, आणि मी मात्र मनात म्हटलं, ये, बघू.

माझ्या पर्समध्ये गूळ होता. परत आल्यावर द्यायला.

वाट खारेपाटातून, बांधांवरून जाणारी. तिकडं गोड्या पाण्याची बोंब, म्हणून दहा किलोमीटरवर टँकरनं पिंप भरून ठेवलं होतं. तिथल्या माणसानं फोनवर कळवलं की सगळी घोडी प्यायली, तपकिरीनं नुसतं हुंगलं. तपकिरी म्हणजे आमची. नवऱ्यानं मला सांगितलं. मी म्हटलं, पुढं पिईल.

वीस किलोमीटर करून ती आली तेव्हा मला लांबूनच कळलं. मान खाली, कान बाजूला पडलेले. जाऊ आधीच उतरली होती आणि तिच्याबरोबर चालत येत होती. घामानं खोगिराभोवती पांढरी साय धरली होती. आम्ही पाणी ओतलं, निथळलं, पुन्हा ओतलं. डॉक्टरांनी ठोके मोजले. ऐंशी. दहा मिनिटांनी शहात्तर. वीस मिनिटांनी बहात्तर. मानेवरची कातडी चिमटीतून सोडली तर ती तशीच उभी राहिली. डॉक्टरांनी पोटाला नळी लावली, दुसऱ्या बाजूला लावली, आणि उठून जावेला विचारलं, "पाणी किती पिली?"

"कायच नाय," जाऊ म्हणाली. "बादली धरली, ओंजळीनं दिलं, थांबले दहा मिनिटं. नुसती माझ्याकडं बघते."

"रपेट बंद," डॉक्टर म्हणाले. "ते जाऊ द्या. पोट गप्प होत चाललंय. पाणी गेलं नाय आणि पोट थांबलं, तर घोडं हातचं जातं. सलाईनची तयारी करतो." आणि ते गाडीकडे गेले.

जाऊ बादली घेऊन घोडीच्या तोंडापाशी बसली होती. घोडी बादलीत बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, माझ्या हाताकडे.

मी उभी राहिले. पर्स काखेत होती, तिच्यात गूळ होता, आणि मी उभी राहिले. सगळ्यांदेखत गूळ काढला तर सगळ्यांना कळेल, एवढंच डोक्यात होतं. एवढंच कशाला म्हणू? जावेचा रडवेला चेहरा बघून आत कुठंतरी थंड वाटत होतं, तेही होतं. किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. चहाला आधण येईल एवढा तरी गेला असेल.

मग घोडीनं पोटात कळ आल्यासारखा मागचा पाय वाकवून मान पोटाकडे वळवली. तेव्हा माझे पाय हलले. जावेच्या हातची बादली ओढून घेतली, "ताजं पाणी आणते" म्हणाले, आणि टेम्पोच्या मागे जाऊन होता नव्हता तेवढा गूळ हातानं कुस्करला. नखांत गूळ गेला. बादली आणून धरली. घोडी प्यायली. घोट घोट नाही, ओढून ओढून प्यायली. दुसरी बादली अर्धी केली. अर्ध्या तासानं ठोके साठवर आले आणि डॉक्टरांनी पोटाला नळी लावून डोळे मिटून ऐकलं, म्हणाले, "बोलायला लागलं." सलाईनची सुई त्यांनी परत ठेवली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बाई, जनावराचा जीव आहे तुमच्यावर. औषध नाय, हात आहे हा." लोक माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी मान खाली घातली, आणि त्यांना तो विनय वाटला.

परतताना वडखळला टेम्पो थांबवून चहा घेतला. जावेनं घेतला नाही. ती नाक्यावरच्या गाड्यांकडे बघत म्हणाली, "ताई, मी तिला मारलीच होती. आता नाय बसणार मी. तुमची घोडी तुमच्याकडं."

मला हवं होतं ते मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोगीर तेल लावून, जुन्या साडीत गुंडाळून माझ्या दारात ठेवलेलं होतं. मी घोडीला हातानं धरून कालव्यावर फिरवायला लागले. अख्खी घोडी माझी झाली. चार दिवस मला झोप छान लागली, हे खोटं कशाला बोलू. जाऊ आवारात दिसायची, मागच्या दारानं निघून जायची. घोडी तिच्या पावलाला खिंकाळायची, तरी ती थांबायची नाही.

एका रविवारी मी ओटीवर डाळिंब्या सोलत बसले होते. मोड आलेले वाल, कोमट पाणी, टोपलीभर काम. ती आपणहून येऊन समोर बसली आणि सोलायला लागली. थोड्या वेळानं ओले हात पुसून तिनं वही माझ्यासमोर ठेवली. "ताई, तुम्ही शिकवता ना, तुम्हाला चूक पटकन दिसते. जरा बघा. मला सापडत नाय."

मी वही उघडली. शेवटच्या पानांवर तिनं त्या रपेटीचा एकेक किलोमीटर लिहून काढला होता, आणि समोर आपल्या चुका. सहाव्याला दुडकी लवकर धरली का? आठव्याला बांधावरून उतरताना पुढं झुकले, पाठीला लागलं असेल? पिंपाजवळ मी घाबरले, ते तिला कळलं असेल? दोन रात्री आधी चंदीच्या हरभऱ्यात मीठ कमी पडलं का? पान भरून प्रश्नचिन्हं. मागची पानं चाळली. 'कालव्यावर पाणी प्यायली नाही. ताई म्हणतात तहान नसेल.' हे तीन वेळा, तीन तारखांना. त्यापुढं प्रश्नचिन्ह नव्हतं. माझ्या बोलण्यावर तिनं प्रश्नचिन्ह काढलं नव्हतं.

वालाचं टरफल माझ्या अंगठ्याला चिकटलं होतं, ते काढता काढता मी सगळं सांगितलं. गूळ, काळी बादली, कधीपासून, कशासाठी. पर्समधला गूळ आणि उभी राहिले तो वेळही सांगितला. तो सांगितला नसता तरी चाललं असतं, पण सांगायला लागल्यावर मधे कुठं थांबायचं ते कळेना.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मेली असती ती, ताई." मग उठली आणि अर्धी टोपली तशीच ठेवून गेली. तीन दिवस तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती काळी बादली घेऊन माझ्या दारात उभी. "किती घालायचात?"

"मूठभर."

"मूठ दाखवा." मी दाखवली. "उद्यापास्नं गूळ तुम्हीच किसायचा, माझ्यासमोर. रोज थोडा थोडा कमी. बादली मी धरणार. आणि डॉक्टरांना पण तुम्हीच सांगायचं, मी नाय."

मी पेणला फोन केला. डॉक्टर म्हणाले, "लोक घोड्यांना काय काय टोचतात, पायांना काय काय चोळतात, ते सगळं पकडतो मी. गूळ नाय आला लक्षात." त्यांनी फोन ठेवून दिला.

मग सुरू झालं. रोज सकाळी मी किसणीवर गूळ किसायचे आणि ती बघत उभी राहायची, जशी मी परीक्षेत मुलांवर उभी राहते. आधी मूठ, मग आवळ्याएवढा, मग सुपारीएवढा. खोगीर ती माझ्याकडून परत घेऊन गेली, आणि घोडीवर बसून कधी कालव्यावर थांबायची, कधी कुंडलिकेच्या घाटाजवळ, कधी शेजारच्या नळाचं पाणी आणायची. दिराला सांगून माहेराहून पेणच्या टँकरच्या पाण्याचे दोन कॅन आणवले. तो शिफ्ट संपवून स्कूटरवर पाणी घेऊन आला तेव्हा डोलवीतले लोक त्याला हसले म्हणे. घोडी काही दिवस रुसली. बादली हुंगून माझ्या ओटीकडे मान करायची. तेव्हा जाऊ मला म्हणायची, "आत जा, ताई." मी आत जायचे. खिडकीपाशी उभी राहायचे, पण आत जायचे.

गूळ हरभऱ्याच्या दाण्याएवढा झाला. मग एक दिवस मी किसणी खाली ठेवली. काही घालायचंच नव्हतं.

त्या सकाळी त्या दोघी बारा किलोमीटर करून आल्या. जावेनं खोगीर उतरवलं, पेणच्या कॅनमधलं पाणी बादलीत ओतलं आणि तोंडापुढं धरलं. मला आत जायला सांगायचं ती विसरली, म्हणून मी ओटीवर उभी होते, घोडीपासून पाच पावलांवर. घोडीनं हुंगलं. डोकं वर केलं. सरळ माझ्याकडं पाहिलं. मी हात मागे घेतले. मग तिनं मान खाली घातली आणि साधं, टँकरचं, जावेच्या हातचं पाणी नाकपुड्यांपर्यंत तोंड बुडवून प्यायला सुरुवात केली. घशातून उतरणारा प्रत्येक घोट मला दिसत होता. बादली संपली, तिनं आणखी मागितलं, तेही जावेकडेच. तोंड पुसलं तेही तिच्याच खांद्याला.

मला हुंदका आवरेना. जाऊ बादली टाकून धावत आली, तिनं मला मिठी मारली, कितीतरी दिवसांनी. "ताई, पिली, पिली ती! आता तिला कुठं पण नेता येईल!" तिला वाटलं, मी आनंदानं रडतेय.

मी तिला तसं वाटू दिलं.